तिथीची पाऊणपट

"अण्णा, इथे ते तिथीबिथी चालत नाही हो. फोनवर बघायचं असतं."

माझं हे वाक्य गेले दोन महिने माझ्या मागे लागलं आहे. बोलले तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. नारळी पौर्णिमेचा दिवस, सकाळचे सव्वाअकरा, इंग्लंडमधल्या वेस्टन-सुपर-मेअरच्या समुद्रकाठची दगडी भिंत आणि तिला टेकून उभे आम्ही चौघं: आई, अण्णा, माझा आठ वर्षांचा लेक आणि मी. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. ब्रिस्टलहून निघालेल्या गाडीत अण्णांनी नातवाला हिशोब शिकवला होता. आज पौर्णिमा, म्हणजे तिथी पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. "आपण पोचू तेव्हा पाणी भिंतीला लागलेलं असेल बघ, पूर्ण भरती." पोराने ते इतकं मनावर घेतलं की स्टेशनपासून तो जवळजवळ पळतच आला. आणि समोर पाणीच नाही. आधी पिवळट वाळू, मग करडा, ओला, चकाकणारा चिखल, आणि त्याच्याही पलीकडे, फार लांब, पेन्सिलने ओढल्यासारखी एक रेघ. "आजोबा, समुद्र कुठाय?" असं त्याने विचारलं, आणि अण्णा काही बोलायच्या आत मी ते वाक्य बोलून मोकळी झाले. अण्णा "हो का" म्हणाले. हातातली छोटी डायरी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून उगाचच खिसा दाबून पाहिला.

अलिबागकडच्या माणसाला हा हिशोब कुणी मुद्दाम शिकवत नाही. तो घरात असतोच, जसा विळीवर बसून नारळ खवायचा हात घरात असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अण्णा माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे त्यांना त्यातली खोचही ठाऊक होती. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, पण वाळूवर उभं राहून करायचा हिशोब पाऊण तासानेच बरा, असं ते म्हणायचे. सुट्टीत पुण्या-मुंबईची माणसं समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात जायला आली की हमखास कुणीतरी विचारायचं, आत्ता चालत जाता येईल का? अण्णा आकाशाकडे बघायचे नाहीत, पाण्याकडेही नाही. "आज काय, षष्ठी ना? साडेचारला भरती. आत्ता जा, पण एकच्या आत परत फिरा." मी लहान असताना किल्ल्यातल्या गणपतीच्या देवळापुढे एकदा आम्ही रेंगाळलो होतो, गोड्या पाण्याच्या विहिरीत वाकून बघत बसलो होतो, आणि परत येताना पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. अण्णांचा तळहात माझ्या दंडाला घट्ट धरलेला. घाबरले होते ते, पण मला कळू दिलं नव्हतं. घरी आल्यावर आईला म्हणाले, "माझीच चूक. हिशोब बरोबर होता, मी घड्याळ बघितलं नाही."

हे सगळं ज्याच्याकडून मी ऐकलं, त्याला मी म्हणाले की इथे ते चालत नाही.

मी नंतर याचा विचार करत राहिले, तेव्हा लक्षात आलं की ते वाक्य एकटं आलं नव्हतं. आई-अण्णा जुलैच्या सुरुवातीला आले, तेव्हापासून मी दिवसभर त्यांना दुरुस्त करत होते. रस्ता असा नाही, बटण दाबून थांबायचं. बसमध्ये कार्ड टेकवायचं, पैसे पुढे करायचे नाहीत. बाथरूमच्या जमिनीवर पाणी नको, खाली बिऱ्हाड आहे. शेजाऱ्यांना न कळवता डबा घेऊन जाऊ नका. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, गरजेचं होतं, प्रेमानेच म्हटलेलं होतं. पण दिवसाला पंचवीस वेळा दुरुस्त करणाऱ्याच्या जिभेला एक वळण लागतं. मग ज्या गोष्टीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं, त्या गोष्टीतही आपण आधीच तोंड उघडतो. आणि आई-बाप परक्या देशात मुलीच्या घरी असतात म्हणून "हो का" म्हणून गप्प होतात. अण्णा आपल्या घरी असते तर त्यांनी मला वाळूत बसवून हिशोब पुन्हा मांडायला लावला असता.

बरं, फोनवर जे दिसत होतं ते खरंच होतं. पहाटेनंतर सातच्या सुमाराला भरती होऊन गेली होती, पाणी अजून मागेच चाललं होतं आणि सव्वा वाजता सगळ्यांत लांब जाणार होतं. इथल्या समुद्राची तऱ्हाच वेगळी. ब्रिस्टल चॅनल अटलांटिककडे नरसाळ्यासारखं रुंद उघडतं आणि आत येता येता अरुंद आणि उथळ होत जातं, त्यामुळे आलेलं पाणी दाटतं आणि वर चढतं. जगातल्या सगळ्यांत मोठ्या भरती-ओहोटींत याची गणना होते. आपल्याकडे उधाणाला चार मीटरच्या आसपास चढउतार, इथे वेस्टनला अकरा-बारा. म्हणजे उधाणाच्या दिवसांत तीन मजली घराएवढं पाणी रोज दोनदा येतं आणि दोनदा निघून जातं. किनारा जवळजवळ सपाट, त्यामुळे गेलं की मैलभर लांब जातं. मागे उरतो तो चिखल, वरून घट्ट दिसणारा आणि आतून गिळणारा. ठिकठिकाणी पाट्या लावलेल्या आहेत की पुढे जाऊ नका. अण्णांनी ती पाटी वाचली, चिखलाचा रंग नीट बघितला आणि म्हणाले, "धरमतरच्या खाडीसारखा आहे. कमरेपर्यंत गेलेला माणूस एकट्याने निघत नाही." एवढं बोलून ते पुन्हा गप्प.

आईचा प्रश्न वेगळाच होता. तिने नारळ आणला होता. ब्रिस्टलमधल्या ईस्टन भागातल्या दुकानात आदल्या दिवशी जाऊन तिने चार नारळ कानाशी हलवून त्यातून हा एक निवडला होता. त्याला शेंडी नव्हती. इथे मिळणारे नारळ असे भादरलेलेच असतात, सगळीकडून सारखे, तपकिरी, वर नुसती चार-दोन केसरं. "शेंडीशिवाय नारळ देवाला कसा द्यायचा," यावर तिची रात्र गेली होती. शेवटी सकाळी तिने माझ्या ओढणीची फाटलेली लाल किनार कापून नारळाच्या डोळ्यांच्या बाजूला बांधली, हळद-कुंकू लावलं आणि स्टीलच्या डब्यात पुऱ्यांच्या वरती ठेवला. आम्ही काही कोळी नव्हे. पण पौर्णिमेला कोळीवाड्यातून वाजतगाजत सोन्याचा नारळ निघाला की आमच्या आळीतलीही माणसं मागून किनाऱ्यावर जायची, आणि आई आपला एक नारळ पाण्यात सोडायची. पावसाळाभर खवळलेल्या समुद्राला आता शांत हो म्हणायचं, बस एवढंच. भाऊ मर्चंट नेव्हीत लागल्यापासून तिने ते एकदाही चुकवलेलं नाही. आता डबा मांडीवर घेऊन ती बाकावर बसली होती आणि समोर मैलभर चिखल. "पाणीच नाही तर द्यायचा कुणाला?" ती हसत म्हणाली, पण डब्यावरचा हात काढला नाही तिने.

आम्ही जेवलो. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं गोड लोणचं, थर्मासमधला चहा. लेकासाठी फिश अँड चिप्स घेतले तर सीगल इतके जवळ आले की आईने पदर फडफडवून त्यांना हाकललं, अगदी अंगणातल्या कावळ्यांना हाकलावं तसं. एक तुकडा तिने तोंडात टाकला. जाड पिठाचं आवरण, आत पांढरा, पापुद्र्या-पापुद्र्याने सुटणारा मासा, वर व्हिनेगर. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "मासा ताजा आहे गं. गोड आहे." आणि आणखी एक तुकडा घेतला. मला एकदम भरून आलं, कारण एवढ्या दिवसांत इथल्या कुठल्या चवीला तिने आपणहून दुसऱ्यांदा हात लावला नव्हता.

अण्णा नातवाला घेऊन पिअरपर्यंत, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या लांब धक्क्यापर्यंत जाऊन आले. १९०४ साली बांधलेला हा पिअर २००८च्या जुलैमध्ये जळला आणि दोन वर्षांत पुन्हा उभा राहिला, हे लेकाने शाळेच्या सहलीत ऐकलेलं होतं, ते त्याने आजोबांना सांगितलं. समोरची दोन बेटंही दाखवली. त्यातल्या फ्लॅट होमवरून मार्कोनीने १८९७मध्ये समुद्रापलीकडे पहिला बिनतारी संदेश पाठवला होता. अण्णांनी डायरी पुन्हा बाहेर काढून ते टिपून घेतलं. मला बरं वाटलं. डायरी बाहेर आली म्हणून.

आणि मग ती गाढवं.

वेस्टनच्या वाळूवर उन्हाळ्यात मुलांना गाढवावर बसवून फिरवतात, कैक पिढ्यांची पद्धत आहे. प्रत्येकाच्या कपाळावरच्या पट्ट्यावर त्याचं नाव. लेक बसला, अण्णा शेजारून चालले आणि फेरी संपल्यावर गाढवं राखणाऱ्या बाईंशी बोलायला लागले. साठीच्या पलीकडच्या असतील. उन्हाने रापलेला चेहरा, पायात गमबूट. अण्णांचं इंग्रजी स्वच्छ आहे पण पुस्तकी, आणि बाईंचे उच्चार मलाही दोनदा ऐकावे लागत होते. अण्णांनी विचारलं, पौर्णिमेला इथे पाणी कधी येतं? मी मध्ये पडून फोन काढणार होते. खरंच, हात पर्सकडे गेला होता. पण बाईंनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं. म्हणाल्या, पौर्णिमा असो की अमावास्या, पाणी नाश्त्याला येतं आणि रात्रीच्या जेवणाला येतं. अर्धा चंद्र असला की दुपारी येतं, पण तेव्हा मात्र मरगळलेलं. माझ्या वडिलांनी मला असंच सांगितलं होतं, गाढवं कधी बाहेर काढायची ते.

मरगळलेलं. म्हणजे भांग! अष्टमीच्या भरतीला आमच्याकडे भांगाची भरती म्हणतात, त्या दिवसांत पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अण्णांचा चेहरा मी तेव्हा बघितला. परक्या गावात अचानक कुणी आपल्या आळीतलं नाव घ्यावं तसा झाला होता. मला अलिबागचे घोडागाडीवाले आठवले. ओहोटीला किल्ल्यापर्यंत गाड्या नेणारे, चाकाला पाणी लागायच्या आत परत फिरणारे. त्यांनाही वेळापत्रक लागत नाही. जनावर वाळूवर नेणाऱ्याला चंद्र पाठ असावाच लागतो, मग ती वाळू कुठलीही असो.

अण्णा बाकावर येऊन बसले आणि डायरीत मांडायला लागले. आमच्याकडे पौर्णिमेला सव्वाअकरा. इथे सव्वासात. आमच्याकडे अष्टमीला सहा. इथे, बाई म्हणतात, दुपारी, म्हणजे दोन धरू. दोन्हीकडे फरक आठ तासांचा. त्यांनी पेन्सिलने त्या आठाभोवती गोल काढला. "हिशोब तोच आहे," नातवाला म्हणाले, "चंद्र काही दोन नाहीत. पाऊण तास रोज इथेही पुढे सरकणार. फक्त या किनाऱ्याला पाणी पोचायला जो वेळ लागतो, तो वेगळा. पाऊणपट करायची आणि आठ तास मिळवायचे." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला ऐकवायला म्हणून ते बोललेच नव्हते, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मी या देशात नऊ वर्षं आहे. वेस्टनला पाच-सहा वेळा तरी आले असेन. दर वेळी पाहुण्यांना घेऊन, दर वेळी दुपारी, आणि दर वेळी चिखल बघून चार वाजता परत. "वेस्टनला समुद्र नसतोच," असं मी मैत्रिणींना सांगतही आले. फोनवर आकडे होते, ते मी बघायचे आणि खिशात ठेवायचे. पाणी कधी येतं ते बघायला मी एकदाही थांबले नव्हते. माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर रोज दोनदा एवढा मोठा समुद्र येऊन जातो, आणि समुद्राकाठी वाढलेल्या मुलीने त्याची नऊ वर्षांत एकही भरती पाहिली नाही. इथल्या लोकांनी तर जाणारं पाणी धरून ठेवायला खाडीच्या तोंडाशी भिंत घालून १९२९मध्ये मरीन लेक बांधलं, पोरांना ओहोटीतही पोहता यावं म्हणून. मी परतीचं तिकीट आधीच काढून ठेवायचे.

त्या दिवशी आम्ही थांबलो. आई म्हणाली, "आता आलोच आहोत तर बघूनच जाऊ." दुपारभर लेक मरीन लेकमध्ये डुंबला, आई-अण्णा बाकावर बसल्या बसल्या आळीपाळीने पेंगले. साडेतीनच्या पुढे ती पेन्सिलची रेघ जाड व्हायला लागली. आणि मग पाणी इतक्या भराभर आलं की लेकाने वाळूत काठ्या रोवून शर्यत लावली तर काठ्या हरल्या. लाटा अशा नाहीतच, गडगडाट नाही, फेस थोडा. सपाट, मातकट, शांत पाणी नुसतं पुढे सरत येतं. आधी चिखलातल्या वळणावळणाच्या नाळी भरतात, मग मधली जागा आरशासारखी होते, आणि आपण दुसरीकडे बघून परत वळेपर्यंत सकाळी गाढवं चालली होती ती वाळू बुडालेली असते. वास मात्र तोच. खारा, थोडा कुजका, ओल्या दोरखंडासारखा. आईने डोळे मिटून तो घेतला.

सातच्या सुमाराला आम्ही भिंतीतून खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर गेलो. पाणी वरून पाचव्या पायरीवर. आईने डबा उघडला, नारळ हातात घेतला. सव्वासात झाले, फोनवरची वेळही झाली. आई सोडणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांब. आत्ता सोडलास तर परत पायाशी येईल. पाणी फिरू दे." ते दोन पायऱ्या खाली उतरले आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत राहिले. मीही बघायला लागले. पाण्याची कड पायरीच्या दगडाला चाटत होती, मागे जात होती, पुन्हा तिथेच येत होती. दगडावरचं शेवाळ, त्यात अडकलेलं एक पीस, आणि त्या पिसाच्या वर बोटभर कोरडा दगड. एकदा पाणी पिसाला उचलून गेलं. पुन्हा उचललं. मग एक वेळ अशी आली की पाणी आलं आणि पिसापर्यंत पोचलंच नाही. त्यानंतर पुन्हा नाही. दगडावर ओल्याची एक बारीक पट्टी उरली, पाण्याच्या वर. "आता," अण्णा म्हणाले. साडेसातला दोन-चार मिनिटं कमी असतील.

आईने नारळ पाण्यात ठेवला, फेकला नाही. लाल किनार ओली होऊन काळपट दिसायला लागली. तो क्षणभर पायरीशी रेंगाळला, स्वतःभोवती फिरला, आणि मग अगदी सावकाश, कुणी बोट धरून न्यावं तसा, बाहेरच्या बाजूला निघाला. आई हात जोडून उभी होती. भावाचं जहाज त्या आठवड्यात सिंगापूरच्या जवळपास होतं. काय पुटपुटली ते ऐकू आलं नाही. लेक म्हणत होता, "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?" आणि अण्णा त्याला पायरीवरची ओल दाखवत होते.

मला त्याच वेळी त्यांची माफी मागायला हवी होती. गाडीत मागेन म्हटलं, गाडीत अण्णांना झोप लागली. घरी मागेन म्हटलं, घरी आईने नारळीभाताला गूळ किसायला घेतला. नंतरच्या दिवसांत ते इतकं लहान वाटायला लागलं की सांगितलं असतं तर त्यांनीच "कसलं काय, मला आठवतही नाही" म्हटलं असतं. सप्टेंबरच्या मध्यावर ते परत गेले. विमानतळावर आत जाताना ट्रेमध्ये पट्टा, घड्याळ, चिल्लर असं काय काय ठेवायचं ते मी त्यांना सांगत होते, आणि सांगता सांगता मधेच थांबले. अण्णा म्हणाले, "सांग ना, बेल्ट काढायचा का?"

परवा रविवारी फोन आला. आईशी बोलून झालं, मग अण्णा आले. "काल रात्री तुमची घड्याळं मागे गेली ना गं?"

"हो, तासाने."

"मग आता आठ नको. सातच मिळव." पलीकडून पेन्सिल घासल्याचा आवाज आला. "डायरीत मी बदललंय."

मी बरं म्हणाले. आतल्या खोलीतून लेकाने ओरडून विचारलं, "आजोबा, आज तिथी कुठली?"